रक्त एकच, कोलेस्टेरॉल दोन

तपासण्यांविषयीच्या वाचकांच्या शंका आणि त्यांना एका निवृत्त लॅब-प्रमुख बाईंची उत्तरं

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक. मागच्या महिन्यात सोमवारी घराजवळच्या लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) केलं. कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड १९६. मुलाचा विश्वास बसेना, म्हणून गुरुवारी शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये पुन्हा केलं. तिथे २०४ आणि १६२. दोन्ही वेळा उपाशी पोटी. डॉक्टर म्हणतात, "दोन्ही रिपोर्ट ठीक आहेत." दोन्ही ठीक कसे असतील? यातला खरा आकडा कोणता?
— एक वाचक, कराड

उत्तर : डॉक्टरांचं उत्तर बरोबर आहे, फक्त त्यांनी हिशेब करून दाखवला नाही. तो आपण करू.

समजा, तुमचं कोलेस्टेरॉल खरोखर २१५ आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाने लॅबचं मोजमाप तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीने मर्यादा आखून दिली की कोलेस्टेरॉलमधली एकूण चूक ८.९ टक्क्यांच्या आत हवी. म्हणजे २१५ चा माणूस १९६ ते २३४ मध्ये कुठेही दिसला तरी लॅब पास. तुमचे दोन्ही आकडे त्यात बसतात. ट्रायग्लिसराइडला याच कार्यक्रमाने पुढे १५ टक्के सूट दिली. खरा आकडा १७८ धरला तर १५१ ते २०५. तिथेही दोन्ही बसले. आणि ही सूट ढिसाळ लॅबसाठी दिलेली नव्हती बरं का. चांगल्या लॅबने गाठायचं ते उद्दिष्ट होतं.

हे झालं यंत्राचं. शरीरही गप्प बसत नाही. एकाच माणसाचं कोलेस्टेरॉल दिवसागणिक ५-६ टक्क्यांनी वरखाली होतं आणि ट्रायग्लिसराइड २० टक्क्यांनी सहज हलतं. रविवारी रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर सोमवारी ते रक्तात दिसणारच, मग पोट बारा तास रिकामं असो. रक्त कसं काढलं यानेही फरक पडतो. वीस मिनिटं आडवं पडून दिलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल दहा टक्क्यांपर्यंत कमी येऊ शकतं, कारण आडवं झाल्यावर रक्तातलं पाणी वाढतं. दंडाला पट्टा बांधून शीर शोधण्यात दोन-तीन मिनिटं गेली, तर उलट आकडा वाढतो. गर्दीच्या सकाळी मी हे रोज पाहत होते. शीर सापडेना की पट्टा तसाच राहायचा आणि मुलगी दुसरा हात चाचपायची.

तेव्हा दोन्हींची सरासरी, २१६, धरा आणि डॉक्टरांनी सांगितलं ते करा. २१६ असो की २०४, तुमच्या वयाला आणि बाकीच्या धोक्यांना धरून त्यांचा निर्णय बहुधा तोच राहिला असता.

पण लॅबवाल्यांना मी एवढ्यावर सोडणार नाही. दोन आकड्यांमधला फरक नशिबाचा असू शकतो, तसा एका लॅबच्या खोडीचाही असू शकतो. जी लॅब सगळ्यांनाच आठ टक्के जास्त दाखवते, ती दहा वेळा तपासलंत तरी जास्तच दाखवणार. ही खोड कशी पकडायची, यासाठी माणसांनी साठ-सत्तर वर्षं खटपट केली आहे, आणि ती हकीकत मला या विषयातली सगळ्यात रंजक वाटते.

मी ऐंशीच्या दशकात नोकरीला लागले तेव्हा आम्ही कोलेस्टेरॉल फेरिक क्लोराइडच्या पद्धतीने करायचो. ॲसिटिक ॲसिड, वरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. ट्यूब हातात तापायची, जांभळट रंग यायचा आणि तो रंग कलरीमीटरवर वाचायचा. ॲसिड भरकन ओतलं तर एक रंग, भिंतीवरून हळू सोडलं तर दुसरा. काविळीचा रुग्ण असला की पिवळ्या सिरममुळे (रक्त साकळल्यावर वर राहणाऱ्या पाण्यामुळे) आकडा फुगायचा. आमच्या लॅबचं 'नॉर्मल' १५० ते २५० होतं, शेजारच्या गावातल्या लॅबचं वेगळं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण प्रत्येक लॅब आपल्याच आकड्यांशी तुलना करायची.

अमेरिकेत ही अडचण आधीच उभी राहिली होती. १९४८ मध्ये फ्रेमिंगहॅम या गावात हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. पाठोपाठ इतर अभ्यास आले. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर हृदयविकार जास्त, हे ठरवायचं तर वेगवेगळ्या गावांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहता आले पाहिजेत. ते येईनात. म्हणून पन्नासच्या दशकाच्या शेवटी अटलांटाच्या सीडीसीने, म्हणजे त्यांच्या सार्वजनिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेने, लिपिड प्रमाणीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. जेराल्ड कूपर हे त्यातलं मोठं नाव. पद्धत साधी होती. माणसाचं सिरम एकत्र करायचं, बाटल्यांत भरून गोठवायचं, त्यातलं कोलेस्टेरॉल स्वतः अतिशय काटेकोरपणे मोजायचं, आणि आकडा न सांगता बाटल्या लॅबना पाठवायच्या. लॅबने मोजून कळवायचं. मग हिशेब जुळवायचा.

बाजारातल्या दुकानदाराचं वजन वैधमापन खात्याच्या शिक्क्याच्या वजनाशी ताडतात, आणि तेही पुढे मूळ किलोशी बांधलेलं असतं, तसंच हे. इथला 'मूळ किलो' म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेने तयार केलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल, आणि शिक्क्याचं वजन म्हणजे एबेल-केंडल पद्धत. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही पद्धत मी पुस्तकातून शिकले आणि एकदा हौसेने करूनही पाहिली. अर्धा मिली सिरम घ्यायचं, त्यात अल्कोहोलमधलं पोटॅश घालून पन्नास अंशांवर तासभर ठेवायचं. रक्तातलं जवळपास ७० टक्के कोलेस्टेरॉल फॅटी ॲसिडला चिकटलेलं असतं, ते इथे सुटं होतं. मग हेक्झेन घालून हलवायचं. कोलेस्टेरॉल वरच्या थरात येतं, बाकीची घाण खाली राहते. वरचा थर काढून हेक्झेन उडवून द्यायचं आणि राहिलेल्यात ॲसिटिक अनहायड्राइड-सल्फ्युरिकचं मिश्रण घालायचं. अर्ध्या तासात सुंदर हिरवा रंग येतो, तो ६२० नॅनोमीटरवर मोजायचा. पूर्वी हाच रंग लोक थेट सिरमवर काढायचे. चिकटलेलं कोलेस्टेरॉल सुट्यापेक्षा जास्त रंग देतं, त्यामुळे आकडा वर जायचा. एबेल-केंडलने ते चिकटलेलं आधी सोडवलं आणि ही चूक संपली. सकाळी सुरू केलेल्या मूठभर ट्यूब दुपारी आटोपतात. दिवसाला दोनशे सॅम्पल येणाऱ्या लॅबमध्ये हे शक्य नाही, म्हणून सीडीसी आणि जपान, नेदरलँड्स अशा काही देशांतल्या निवडक संदर्भ-लॅब हे करतात. किट बनवणाऱ्या कंपन्या ताज्या रुग्ण-सॅम्पलवर आपलं किट त्यांच्याशी ताडून घेतात.

हे सगळं तातडीचं का झालं? अमेरिकेत १९८७-८८ मध्ये २०० च्या खाली चांगलं, २४० च्या वर जास्त, या रेषा सगळ्या देशासाठी एकदम जाहीर झाल्या. जोवर प्रत्येक लॅबचं 'नॉर्मल' वेगळं होतं, तोवर कुणाचं बिघडत नव्हतं. सगळ्यांना एकच रेषा दिली की सगळ्यांची पट्टीही एक हवी. आपल्याकडे २०० आणि २४० रिपोर्टवर छापणं झटकन आलं. पट्टी तपासायची सवय मात्र फार मागून आली, आणि अजून सगळीकडे आलेली नाही.

आता तुमच्या कामाचं. पुढच्या वेळी लॅबमध्ये दोन गोष्टी विचारा. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, आणि त्या मान्यतेच्या यादीत लिपिडच्या तपासण्या आहेत का? (भिंतीवरचं प्रमाणपत्र सगळ्या तपासण्यांना लागू असतंच असं नाही.) दुसरं, बाहेरच्या गुणवत्ता-चाचणीत, ईक्यूएएसमध्ये, भाग घेता का? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा हा कार्यक्रम देशभर चालतो. मान्यता ऐच्छिक आहे, तेव्हा ती नसलेली लॅब वाईटच असं मी म्हणणार नाही. पण "असल्या चौकशा कशाला करता" असं उत्तर आलं तर दुसरी लॅब बघा. आणि एकदा लॅब ठरली की वर्षानुवर्षं तीच ठेवा. औषधाने आकडा उतरला की लॅब बदलल्याने उतरला, हा घोळ तरी होणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी डीएमएलटी (लॅब-तंत्रज्ञाचा डिप्लोमा) केलं आहे, तालुक्याच्या एका लॅबमध्ये सेमी-ऑटो ॲनालायझरवर काम करतो. आमचा कंट्रोल (यंत्र तपासायला लावतात ते, आकडा आधीच ठाऊक असलेलं सिरम) रोज रेंजमध्ये येतो. पण ईक्यूएएसच्या रिपोर्टमध्ये गेले तीन महिने ट्रायग्लिसराइडचा एसडीआय (आपला आकडा इतर लॅबच्या सरासरीपासून किती दूर, त्याचं माप) +२.५ च्या वर आहे. कोलेस्टेरॉल, शुगर, क्रिएटिनिन व्यवस्थित. मालक म्हणतात, कंट्रोल रेंजमध्ये आहे ना, मग सोडून दे. काय करू?
— एक तंत्रज्ञ, लातूर जिल्हा

उत्तर : सोडू नका. तीन महिने एकाच बाजूला म्हणजे योगायोग नाही.

आधी सोपं ते वगळू. वाळवलेल्या सिरमच्या पावडरची बाटली विरघळवताना पाणी कशाने मोजता? पाच मिलीचं व्हॉल्युमेट्रिक पिपेट, की इंजेक्शनची सिरिंज? सिरिंजने पाणी कमी पडलं तर सगळेच आकडे वर जातात. तुमचं एकटं ट्रायग्लिसराइड वर गेलंय, म्हणजे पाणी निर्दोष. पिपेट मात्र तरीही वापरा. बाटली खळखळून हलवू नका, फेस येतो. अर्धा तास ठेवून हलकेच फिरवा.

आता 'रेंजमध्ये'चं बघू. ही रेंज कुणाची? कंट्रोलच्या कागदावर छापलेली असेल तर ती बहुतेक वेळा इतकी रुंद असते की अख्खी बैलगाडी वळेल. तुमची स्वतःची सरासरी आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढा, कंट्रोलच्या एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेचे, किमान २० दिवसांचे आकडे घेऊन. मग चार्ट काढा. मला वाटतं, तुम्हाला तिथेच दिसेल की एका ठराविक दिवसापासून आकडे वर सरकलेत. तो दिवस कोणता, हे रजिस्टरमध्ये शोधा. माझा अंदाज : त्या दिवशी रीएजंटची (तपासणीच्या रसायनाची) कंपनी बदलली आणि कॅलिब्रेटर (ज्याच्या ठरलेल्या आकड्यावरून यंत्राची पट्टी लावतात ते) जुनाच राहिला.

लहान लॅबमध्ये हे सर्रास होतं. रीएजंट स्वस्त मिळाला, कॅलिब्रेटर अजून संपलेला नाही, मग चालवून घेऊ. पण कॅलिब्रेटरवर लिहिलेला आकडा त्या कंपनीच्या त्या रीएजंटसाठी काढलेला असतो. किट, कॅलिब्रेटर आणि ॲनालायझर यांची जोडी तोडली की संदर्भ-पद्धतीशी बांधलेली साखळी तिथेच तुटते. तुमच्या लॅबला अटलांटाला जायची गरज नाही, ही जोडी सांभाळली तरी पुष्कळ.

पण मग कोलेस्टेरॉल कसं सुटलं? कारण ट्रायग्लिसराइडमध्ये एक गोम आहे, आणि ती सगळ्यांना शिकवली जात नाही. आपण ट्रायग्लिसराइड थेट मोजतच नाही. लायपेज एन्झाइम त्याचे तुकडे करतं, त्यातून ग्लिसरॉल सुटतं, आणि पुढचा लाल-गुलाबी रंग त्या ग्लिसरॉलचा असतो. रक्तात आधीपासून मोकळं ग्लिसरॉल असेल तर तेही ट्रायग्लिसराइड म्हणून मोजलं जातं. निरोगी माणसात त्याने साधारण १० मिलीग्रॅमची भर पडते, म्हणून कुणी फार मनावर घेत नाही. पण साखर ताब्यात नसलेला मधुमेही, डायलिसिसवरचा रुग्ण, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेतलेला, किंवा मेंदूची सूज उतरवायला ग्लिसरॉल दिलेला रुग्ण, यांच्यात ते बरंच वाढतं. ट्यूबच्या बुचाला ग्लिसरॉलचा लेप असला तरी येतं. हाताला क्रीम लावून ट्यूब हाताळणं हेही एक कारण आहे, हसू नका.

उपाय जुना आहे : ग्लिसरॉल ब्लँक. एका क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या छोट्या नळीत) लायपेजसकट रीएजंट, दुसऱ्यात लायपेजविना, आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा. संदर्भ-लॅब हे करतात. आपल्याकडे रोजच्या कामात जवळपास कुणी करत नाही, कारण रीएजंटचा खर्च दुप्पट. काही कंपन्या कॅलिब्रेटरच्या आकड्यातच सरासरी ग्लिसरॉलची वजावट करून ठेवतात, काही करत नाहीत. म्हणून एका कंपनीचा कॅलिब्रेटर आणि दुसरीचं रीएजंट हा घोळ ट्रायग्लिसराइडमध्येच उठून दिसतो. शिवाय वाळवलेल्या कंट्रोलमध्ये आणि ईक्यूएएसच्या बाटलीत मोकळं ग्लिसरॉल किती, हे रुग्णाच्या ताज्या सिरमपेक्षा वेगळं असतं. तेव्हा तुमचा आकडा सगळ्या भारताच्या सरासरीशी ताडू नका, तुमच्याच पद्धतीच्या गटाच्या सरासरीशी ताडा. रिपोर्टमध्ये तो गट दिलेला असतो. आणि गटात बसलात म्हणजे सत्याशी बसलात, असंही समजू नका; गटच्या गट एका बाजूला झुकलेला असू शकतो. वाळवलेलं सिरम ताज्यासारखं वागत नाही, हे सीडीसीवाल्यांनाही कळलं. म्हणूनच त्यांनी गोठवलेल्या सिरमचा आग्रह धरला.

एक युक्ती सांगते, यंत्राशिवायची. रिपोर्ट ७०० आला आणि सिरम नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, तर थांबा. खऱ्या ७०० ला सिरम गढूळ, दुधाळ दिसतं. स्वच्छ सिरममध्ये इतका आकडा म्हणजे ग्लिसरॉलची शंका घ्या. काही थोड्या लोकांच्या शरीरात जन्मतःच ग्लिसरॉल वापरणारं एन्झाइम नसतं. त्यांचं ट्रायग्लिसराइड आयुष्यभर खोटं जास्त येतं, आणि बिचारे वर्षानुवर्षं गोळ्या खातात. सिरम दुधाळ असेल तर ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवा. वर सायीचा थर आला तर कायलोमायक्रॉन (जेवणातल्या चरबीचे कण), बहुधा रुग्ण जेवून आलाय. सगळंच एकसारखं गढूळ राहिलं तर व्हीएलडीएल (यकृतातून येणारे चरबीचे कण).

मालकांना मात्र चार्ट दाखवा, तर्क नको. जुन्या-नव्या जोडीने पाच-दहा रुग्णांची सॅम्पल शेजारी शेजारी लावलीत तर त्यांना एका नजरेत कळेल.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये मँचेस्टरला असतो. त्याचं कोलेस्टेरॉल ५.४ आलंय आणि तो काळजीत आहे. माझं २०९ आहे आणि डॉक्टर मला काही म्हणत नाहीत. त्याचं एवढं कमी असून काळजी कसली?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बाई, तुमचं आणि त्याचं सारखंच आहे. आपल्याकडे आकडा मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, तिकडे मिलीमोल प्रति लिटरमध्ये. कोलेस्टेरॉल असेल तर ३८.६७ ने गुणा, ५.४ चे २०९ होतात. ट्रायग्लिसराइडला गुणक वेगळा आहे, ८८.५७, चुकून तोच वापरू नका. काळजी करायची की नाही हे मात्र वय, रक्तदाब, साखर, बिडी-सिगारेट आणि घरात कुणाला लवकर हार्ट अटॅक आला का, यावर ठरतं. ते त्याने तिथल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न : एका लॅबच्या रिपोर्टवर एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १०६ आहे, पण खाली "कॅल्क्युलेटेड" लिहिलंय. दुसरी लॅब म्हणते, आम्ही थेट मोजतो, आमचं अचूक. जास्त पैसे देऊन थेट करून घ्यावं का? आणि उपाशी राहायलाच हवं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बहुतेकांना गरज नाही. कॅल्क्युलेटेड म्हणजे १९७२ चं फ्रिडवाल्डचं सूत्र : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. तुमच्या रिपोर्टवर एकूण १९०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड २१० आहे. १९० वजा ४२ वजा ४२, झाले १०६. या बेरीज-वजाबाकीत तिन्ही तपासण्यांच्या चुका एकत्र येतात, हे खरं. वर सांगितलेल्या मोकळ्या ग्लिसरॉलने ट्रायग्लिसराइड ३० ने फुगलं तर एलडीएल ६ ने खोटं कमी दिसेल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरायचंच नसतं. एलडीएल ७० च्या खाली आणि ट्रायग्लिसराइड जास्त असेल तिथेही ते कमी दाखवतं. त्यासाठी २०१३ मध्ये मार्टिन-हॉपकिन्सचं सुधारित गणित आलं, काही लॅब ते वापरतात.

पण 'थेट' म्हणजे आपोआप अचूक, हा विक्रीचा मुद्दा आहे. २०१० मध्ये एचडीएल आणि एलडीएल थेट मोजणारी सात किट संदर्भ-पद्धतीशी ताडली गेली. निरोगी लोकांत बहुतेक किट ठीक निघाली. हृदयविकार किंवा लिपिडचे विकार असलेल्या रुग्णांत सगळ्यांचीच चूक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली. म्हणजे ज्यांना अचूक आकड्याची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यातच गडबड. तुमचं ट्रायग्लिसराइड २१० आहे, सूत्र चालेल. ४०० च्या वर गेलं तर थेट करून घ्या.

उपासाचं म्हणाल तर एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएलला जेवणाने फारसा फरक पडत नाही, ट्रायग्लिसराइडला पडतो. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्येच सांगितलं की नेहमीच्या तपासणीला उपास नको. ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर आलं तर उपाशी पोटी पुन्हा करा. मात्र तुम्हाला मागच्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर मागच्या वेळी जसं दिलं तसंच द्या. मागच्या वेळी उपाशी होतात तर यंदाही रात्री नऊला जेवण आटपा, सकाळी साडेनऊच्या आत रक्त द्या. पाणी चालेल, चहा नको, साखरेविनाही नको. आणि लॅबमध्ये पोचल्यावर पाच-दहा मिनिटं खुर्चीवर बसा, जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका.